डीएडनंतर स्पेशल बीएड : माझा अनुभव

डीएड झालेलं, नंतर बीए झालं, एका खासगी शाळेत तिसरीचा वर्गही हातात होता. त्यामुळे बौद्धिक अक्षमता या विषयात स्पेशल बीएड, म्हणजे दिव्यांग मुलांना शिकवण्याची पदवी, करते म्हटल्यावर सासूबाईंनी विचारलं, ‘‘परत शिकायला कशाला जायचं?’’ प्रश्न रास्त होता. कोर्स दोन वर्षांचा, पूर्ण वेळ. तोवर पगार बंद.

प्रवेश घेण्याआधी कॉलेजला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे का आणि ती आपल्या बॅचला लागू आहे का, एवढं मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. पदवी विद्यापीठ देतं, पण विशेष शिक्षक म्हणून काम करायला आरसीआयच्या नोंदणीचा सीआरआर (केंद्रीय पुनर्वास नोंदवही) क्रमांक लागतो. १९९२ च्या कायद्यानेच तसं बांधलेलं आहे.

डीएडला पाठाचं टाचण इयत्तेवरून सुरू व्हायचं : घटक, उपघटक, उद्दिष्टं. इथे सुरुवात मुलापासून. आधी तपासणी यादी भरायची. जेवण, कपडे, पैसे, वाचन यांतलं काय स्वतः करतो, काय सांगितल्यावर करतो, काय हात धरून करवून घ्यावं लागतं. त्यावरून त्या एकट्याचा आयईपी, म्हणजे वैयक्तिक शिक्षण आराखडा. ‘वाचनात सुधारणा होईल’ असलं काही लिहिलेलं मॅडमना चालायचंच नाही. कोणते शब्द, किती मदतीने, कधीपर्यंत, सगळं लिहायचं.

सरावाच्या शाळेत माझ्याकडे नऊ वर्षांचा एक मुलगा होता. त्याला वेलक्रोचा बूट घालायला शिकवायचं होतं. कामाचे बारीक टप्पे पाडले आणि शिकवलं उलट्या क्रमाने. पाय आत मी सरकवायचा, टाच मी बसवायची, पट्टी मी ओढून आणायची. त्याने फक्त दाबायची. झाला बूट घालून! मग पट्टी ओढणंही त्याच्याकडे, मग टाच. रोज काम पूर्ण होतं ते त्याच्या हाताने, त्यामुळे तो बुटाची वाट बघायला लागला.

हेच मी पुढे साध्या प्राथमिक वर्गात हातच्याच्या वजाबाकीला लावलं. ५२ वजा २७. दशक मी सुटा करायचा, १२ मधून ७ मीच वजा करायचे. ४ वजा २ तेवढं मुलांना. दुसऱ्या दिवशी एककही त्यांचे. गणिताला रडणारी दोघं आपणहून फळ्याशी आली. डीएडला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि स्पेशल बीएडला चाळीस मुलांच्या वर्गात ते कसं बसवायचं याची चर्चा फारशी झाली नाही. हे दोन अभ्यासक्रम एकमेकांशी बोलत नाहीत, ही माझी खरी तक्रार.

नोकरीचं विचाराल, तर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून सर्वसाधारण शाळांत प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण ठरवलं. प्रत्यक्षात जाहिराती बऱ्याचदा कंत्राटीच दिसतात. म्हणून मी सीटीईटीचा, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा, पहिली ते पाचवीच्या शिक्षकांसाठीचा पहिला पेपरसुद्धा देऊन ठेवलाय. सीआरआरचं नूतनीकरण करावं लागतं, त्यासाठी सीआरईचे, म्हणजे सतत पुनर्वास शिक्षणाच्या कार्यशाळांचे, गुण लागतात. त्यांची प्रमाणपत्रं नोंदणीच्या पहिल्या वर्षापासून एका फाइलला लावत चला.