सुपरमार्केटची लॉरी: सही करण्याआधी ट्रेलरचं मागचं दार उघडून बघा

ब्रिटनमध्ये लॉरीच्या नोकरीची जाहिरात साधारण अशी असते: क्लास वन ड्रायव्हर, स्टोअर डिलिव्हरी, चार दिवस काम चार दिवस सुट्टी, रोज रात्री घरी. नजर आधी तासाच्या दरावर जाते. पण या नोकरीचं खरं स्वरूप ठरतं ते ‘स्टोअर डिलिव्हरी’ या दोन शब्दांनी. आपल्याकडे गाडीवर ड्रायव्हर असतो, सोबत क्लीनर असतो, माल चढवायला-उतरवायला हमाल असतात. महाराष्ट्रात तर १९६९ पासून माथाडी कामगारांचा स्वतंत्र कायदा आहे. इथे ४४ टनी आर्टिकवर (क्लास वनची, पुढच्या इंजिनाच्या गाडीला ट्रेलर जोडलेली लॉरी) माणूस एकटा असतो. रिव्हर्स घेताना मागे उभं राहून ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा कोणी नसतो आणि दुकानाच्या यार्डात पोचल्यावर माल बहुतेक वेळा ड्रायव्हरलाच उतरवावा लागतो. म्हणून या नोकरीचं मोजमाप स्टिअरिंगवर बसून होत नाही, ते ट्रेलरच्या मागच्या दाराशी करावं लागतं.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण यात गावाकडच्या लोकांचे पैसे बुडतात. लॉरी ड्रायव्हरच्या कामासाठी ब्रिटनचा स्किल्ड वर्कर व्हिसा मिळत नाही. २०२१ च्या शेवटी टंचाई झाली तेव्हा ५,००० परदेशी ड्रायव्हरांसाठी तात्पुरती योजना आणली होती, ती २०२२ च्या सुरुवातीला संपली. त्यामुळे ‘यूके ट्रक ड्रायव्हर व्हिसा’ म्हणून कोणी लाखो रुपये मागत असेल तर तिथेच थांबा. ही नोकरी आहे ती आधीपासून इथे काम करायचा हक्क असलेल्यांसाठी: नोकरदार नवऱ्याच्या किंवा बायकोच्या डिपेन्डंट व्हिसावर आलेले, कायम वास्तव्य मिळालेले, किंवा पोर्तुगीज पासपोर्टवर ब्रेक्झिटआधी येऊन सेटल्ड स्टेटस घेतलेले आपले गोवेकर. स्विंडनच्या गोदामांत काम करणाऱ्या गोवेकरांना तर हा रस्ता जवळचा, कारण मोठ्या सुपरमार्केटांच्या गोदामातून ड्रायव्हरच्या जागेवर घेण्याच्या योजना अधूनमधून निघतात आणि त्यात प्रशिक्षणाचा खर्च कंपनी करते.

भारतातलं लायसन्स, मग ते वीस वर्षं ट्रेलर चालवलेल्याचं का असेना, इथल्या लायसन्सवर बदलून मिळत नाही. त्यावर १२ महिने कार चालवता येते, लॉरी नाही. म्हणजे आधी इथली कारची परीक्षा, मग डी२ आणि डी४ हे फॉर्म भरून लॉरीचं प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स. डी४ वैद्यकीय तपासणीचा असतो आणि डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो. चष्म्यासह चालेल, पण चांगल्या डोळ्याची नजर ६/७.५ आणि दुसऱ्याची निदान ६/६० हवी. मधुमेह असला म्हणून दार बंद होत नाही, इन्सुलिन घेणाऱ्यांनाही दरवर्षी तपासणी करून परवानगी मिळते. लपवणं मात्र महागात पडतं. झोपेत श्वास अडकण्याचा विकारही लायसन्स कार्यालयाला कळवावाच लागतो.

परीक्षांचे टप्पे चार. पहिल्यात १०० प्रश्न, पास व्हायला ८५, आणि सोबत धोका ओळखण्याचे १९ व्हिडिओ, त्यात १०० पैकी ६७. दुसऱ्यात प्रसंगांवर आधारित प्रश्न. तिसऱ्यात बंद जागेत रिव्हर्स आणि मग रस्त्यावर गाडी. चौथ्यात माल बांधणं, गाडी तपासणं, सुरक्षितता हे तोंडी आणि प्रात्यक्षिकाने दाखवायचं. पूर्वी क्लास टू म्हणजे रिजिड (एकसंध, ट्रेलर न जोडलेल्या) गाडीची परीक्षा झाल्याशिवाय आर्टिकची देता येत नसे; २०२१ च्या अखेरीपासून कारच्या लायसन्सवरून थेट आर्टिककडे जाता येतं. शिवाय डिजिटल टॅकोग्राफचं (ड्रायव्हिंग आणि विश्रांतीचे तास नोंदवणाऱ्या यंत्राचं) कार्ड, सीपीसीचं (व्यावसायिक ड्रायव्हरच्या पात्रतेचं) कार्ड, आणि दर पाच वर्षांनी ३५ तासांचं प्रशिक्षण. कोरं लायसन्स हातात घेऊन एजन्सीकडे गेलं की विम्याचं कारण सांगून सहा महिने ते दोन वर्षांचा अनुभव मागतात. नव्या माणसाने थेट कंपनीकडे, त्यातही गोदामातून वर घेणाऱ्या कंपनीकडे, अर्ज केलेला बरा.

पिंजरे

सुपरमार्केटचा माल चाकांच्या लोखंडी पिंजऱ्यांतून येतो. इथे त्याला केज म्हणतात. उंची छातीच्या वर, खाली चार चाकं, त्यातली दोन फिरणारी. १३.६ मीटरच्या एकमजली ट्रेलरमध्ये असे चाळीस-पंचेचाळीस मावतात. पाव किंवा चिप्सचा केज एका हाताने ढकलला जातो. पाण्याच्या बाटल्या, डबे, धुण्याचे द्रव यांचा केज सहज ३००-४०० किलोंचा असतो.

आता हिशोब करा. दुकानाला ट्रेलरच्या उंचीचा बे म्हणजे माल उतरवायचा ओटा असेल तर मध्ये पत्रा टाकून केज सरळ आत जातात. बे नसेल तर टेल-लिफ्ट, म्हणजे ट्रेलरच्या मागची वर-खाली होणारी फळी. तिच्यावर एका वेळी तीन केज धरले तर ४५ केजसाठी १५ फेऱ्या खाली, आणि तेवढ्याच दुकानातून परत निघणारे रिकामे केज, ट्रे, पुठ्ठ्याचे गठ्ठे वर चढवायला. याला ड्रायव्हर मंडळी ‘टिपिंग’ म्हणतात. त्यात यार्ड उताराचं असेल तर ट्रेलरची जमीनही तिरकी होते आणि ४०० किलोंचा केज स्वतःच चालू लागतो. जखमा इथेच होतात: केज आणि ट्रेलरच्या भिंतीमध्ये चेपलेली बोटं, पायावरून गेलेलं चाक, सुटलेला केज छातीने अडवायला गेल्यामुळे गेलेली पाठ. केज ढकलायचा, ओढायचा नाही. पडायला लागला तर सोडून बाजूला व्हायचं, माल फुटला तर फुटू द्यायचा. टेल-लिफ्टच्या कडेचे अडथळे उभे केल्याशिवाय लिफ्ट हलवायची नाही. हे नियम प्रशिक्षणात एका तासात सांगतात, पण पहाटे पाचला पावसात नेमके तेच सुटतात.

दोन दुकानांचा माल असला तर आणखी एक चूक ठरलेली. पहिल्या दुकानात अर्धा ट्रेलर रिकामा होतो, घाईत उरलेल्या केजना आडवा बार किंवा पट्टा परत लावला जात नाही, आणि गोलाकार चौकावरून वळताना सगळे मागे घरंगळतात. पुढच्या दुकानात दार उघडलं की पहिला केज अंगावर. म्हणून प्रत्येक टिपिंगनंतर पट्टा, आणि दार उघडताना एक बाजू आधी, तीही दाराच्या आड उभं राहून.

शीतगृहाच्या ट्रेलरमध्ये हलवता येणाऱ्या आडभिंतींनी दोन-तीन कप्पे केलेले असतात: गोठवलेला माल उणे १८ अंशांना, दूध-मांस साधारण २ ते ५ अंशांच्या आसपास (कायद्याची कमाल मर्यादा ८), आणि उरलेला साधा माल. दार उघडताना फ्रिज युनिट बंद करायचं. चालू ठेवलं तर ते बाहेरची दमट हवा आत ओढतं, कॉइलवर बर्फ साचतो आणि मग पुढच्या तासात थंड करायची ताकदच राहत नाही. तापमानाची नोंद चुकली की दुकान सगळा माल नाकारतं.

तास कुठे जातात

सलग साडेचार तास ड्रायव्हिंगनंतर ४५ मिनिटांची विश्रांती हा नियम सगळ्यांना पाठ असतो. ही विश्रांती १५ आणि मग ३० अशी तोडता येते, उलट क्रमाने नाही. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदा १०. आठवड्याला ५६, सलग दोन आठवड्यांत ९०. पण दुकानांच्या कामात ही मर्यादा क्वचितच आडवी येते. आडवा येतो तो दुसरा नियम: कोणतंही काम धरून सहा तासांच्या आत विश्रांती हवी.

समजा शिफ्ट पहाटे ३ ला सुरू झाली. गाडीची तपासणी आणि ट्रेलर जोडणी ४५ मिनिटं, मग दोन तास रस्ता, पहिलं टिपिंग दीड तास, पुन्हा एक तास रस्ता. घड्याळात सव्वाआठ वाजले. ड्रायव्हिंग जेमतेम तीन तास झालंय, तरी ९ च्या आत किमान १५ मिनिटं थांबावंच लागणार, आणि दुसरं टिपिंग ९ ला अर्ध्यावर असेल. दुकानाचा माणूस घाई करतो, नवखा ड्रायव्हर थांबत नाही, आणि टॅकोग्राफ ते सगळं लिहून ठेवतो. यार्डात नुसतं ताटकळणं म्हणजे विश्रांती, असाही समज आहे. कधीही बोलावतील अशा अवस्थेत बसलेला वेळ विश्रांतीत धरला जात नाही.

रोजची विश्रांती ११ तासांची, म्हणून शिफ्ट जास्तीत जास्त १३ तासांची. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीनदा ती ९ वर आणता येते, म्हणजे शिफ्ट १५ तासांची. ‘रोज घरी’ हे खरं असतं, पण घरी नऊ तासांसाठी येणं आणि त्यात जाण्यायेण्याचा प्रवास, याला घरी असणं म्हणायचं का हे बायकोमुलांना विचारून ठरवावं.

यार्ड आणि जोडणी

गोदामाकडून निघताना ट्रेलर जोडण्यात आळस चालत नाही. मागे घेऊन किंगपिन (ट्रेलरखालची जोडणीची खुंटी) अडकली की लहान गिअरमध्ये दोनदा पुढे ओढून बघायचं, क्लिप लावायची, मगच सुझी म्हणजे हवेच्या आणि विजेच्या नळ्या. लाल नळी जोडली की ट्रेलरच्या टाकीत हवा जाते आणि इतका वेळ अडकून बसलेले ब्रेक सुटतात. त्या क्षणी गाडीचा हँडब्रेक आणि ट्रेलरचं पार्किंगचं बटन ओढलेलं नसेल तर ड्रायव्हर केबिनमागे उभा असतानाच गाडी चालू लागते. अशा अपघातांत माणसं मेली आहेत. नळ्यांना हात लावण्याआधी दोन्ही ब्रेक हाताने तपासायचे, दर वेळी.

जुन्या गावांतली दुकानं वस्तीत असतात. तिथे रात्री माल उतरवायला मनाई किंवा आवाजाची बंधनं असतात, आणि लंडनमध्ये १८ टनांवरच्या गाड्यांना रात्री व शनिवार-रविवार ठरावीक रस्तेच वापरावे लागतात. ड्रायव्हर उजवीकडे बसतो, म्हणून उजव्या बाजूने मागे घेणं सोपं. डावीकडून घ्यावं लागणारी यार्डं नव्या माणसाला घाम फोडतात. पुलांची उंची फूट-इंचांत लिहिलेली असते. ४.२ मीटरचा ट्रेलर म्हणजे १३ फूट ९ इंच, दुमजली ४.९ मीटरचा म्हणजे १६ फुटांच्या वर. कारचा सॅटनॅव्ह यातलं काही जाणत नाही.

पैसे

इंग्लंडमध्ये १८ पौंड तासाने, बारा तासांच्या चार दिवस काम-चार दिवस सुट्टीच्या पाळीत, आठवड्याची सरासरी ४२ तास पडते. वर्षाला साधारण ३९,३०० पौंड. १२,५७० पर्यंत कर नाही, वर २० टक्के, शिवाय ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स (सरकारी सामाजिक विम्याची कपात). महिन्याला हातात सुमारे २,६५० पौंड, पेन्शनची कपात त्यानंतर. पण ४५ मिनिटांच्या विश्रांतीचे पैसे देत नसतील तर वर्षाला दोन हजारांहून जास्त पौंड इथेच गेले. हा प्रश्न मुलाखतीत विचारायला लाजू नका.

एजन्सी २१ पौंडांचा दर दाखवते तेव्हा तो ‘अंब्रेला’चा, म्हणजे एजन्सी आणि तुमच्यामध्ये पगार वाटणाऱ्या मधल्या कंपनीचा, आहे का ते बघा. त्यातून मालकाचा १५ टक्के नॅशनल इन्शुरन्स, अंब्रेला कंपनीचं शुल्क आणि तुमच्याच सुट्टीचे पैसे आधी वळते होतात आणि मूळ दर १६ च्या आसपास उरतो. कंपनीच्या स्वतःच्या पगारपत्रकावरचे १८ त्याहून कितीतरी बरे, आणि आजारपणाची रजा, पेन्शन वेगळी. एजन्सीवर १२ आठवडे एकाच जागी झाले की कायम ड्रायव्हरांइतका मूळ दर मागायचा हक्क मिळतो. तो मागावा लागतो.

पस्तिशीतल्या, पाठ-गुडघे ठणठणीत असलेल्या आणि मुलं लहान असलेल्या माणसासाठी दुकानांचं काम चांगलं आहे. पगार नियमित, गाड्या नव्या, शौचालय आणि चहा प्रत्येक टप्प्यावर. पन्नाशीच्या पुढे किंवा एकदा पाठ धरलेल्यांनी ट्रंकिंग बघावं: एका गोदामातून दुसऱ्या गोदामात ट्रेलर नेऊन बदलायचा, केजला हात नाही. बहुतेक रात्रपाळी, पण शरीर टिकतं. आठवडाभर केबिनमध्ये झोपायचं ट्रॅम्पिंग सुपरमार्केटांच्या बाहेरचं, आणि कुटुंब इथे असेल तर त्याचा विचारही नको.

मुलाखतीला जाताना हे विचारा: एका शिफ्टला किती दुकानं आणि किती केज, किती दुकानांना बे नाही, टिपिंगला दुकानाचा माणूस येतो की एकटं, शिफ्ट किती तासांची आखतात आणि प्रत्यक्षात किती होते, विश्रांतीचे पैसे, नाताळाच्या आठवड्यांत सुट्टी मिळते का, आणि नव्या माणसासोबत अनुभवी ड्रायव्हर किती दिवस बसतो. निदान एक आठवडा तरी, असं उत्तर आलं नाही तर दुसरं गोदाम शोधा. शक्य असेल तर पहाटे पाचला त्याच भागातल्या एका छोट्या दुकानाच्या मागच्या गल्लीत जाऊन उभं राहा आणि टेल-लिफ्टच्या फेऱ्या मोजा.