पितळी पातेल्यातला आवाज

रविवार, २३ जुलै २०१७
बोरिवली, रात्रीचे साडेदहा

सई आत्ता कुठे झोपली. उशीशी तार गुंडाळलेली पुठ्ठ्याची नळी तशीच आहे. उचलायला गेले तर डोळे न उघडता म्हणाली, "आजी, राहू दे ना." राहू दिली.

आजची तारीख मी महिनाभर मनात धरून होते. बरोबर ९० वर्षांपूर्वी, २३ जुलै १९२७ला, व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी खासगी होती. ऑगस्टमध्ये तिने कलकत्त्यालाही केंद्र काढलं. त्याच्या आधी १९२३पासून मुंबईत रेडिओ क्लबाची हौशी मंडळी आपापल्या परीने प्रक्षेपण करत होतीच. पण ठरल्या वेळी, रोज, आधी छापून आलेले कार्यक्रम घरी बसून ऐकायचे, हे सुरू झालं त्या दिवसापासून.

आमचे अण्णा, म्हणजे माझे आजोबा, तेव्हा २२ वर्षांचे होते. गिरगावात चाळीत बिऱ्हाड, गिरणीच्या कचेरीत कारकुनी. त्या पहिल्या पावसाळ्यातल्या रेडिओच्या संध्याकाळी त्यांनी मला इतक्या वेळा सांगितल्या आहेत की जिन्याच्या कितव्या पायरीवर कोण बसायचं तेसुद्धा मला पाठ आहे. म्हणून या वर्षी ठरवलं, नुसतं आठवायचं नाही. त्यांनी ऐकलं तसं ऐकायचं. वीज नाही, बॅटरी नाही, अशा घरी बांधलेल्या सेटवर.

गेल्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन आले. एनॅमलची तांब्याची तार पहिल्याच दुकानात मिळाली, स्टेशन जुळवायचा गँग कंडेन्सर दुसऱ्यात. रेडिओलहरींतून आवाज वेगळा काढणाऱ्या जर्मेनियमच्या डायोडसाठी मात्र पाच-सहा दुकानं फिरले. सिलिकॉनचा चालत नाही. त्याला जागं व्हायलाच जास्त व्होल्टेज लागतं, आणि इथे तर हवेतून येईल तेवढ्यावरच भागवायचं असतं. शाळेत शास्त्र शिकवायचे तेव्हा घेतलेला दोन हजार ओहमचा हेडफोन कपाटात होता. नळीवर ८० वेढे सईने घातले, मोठ्याने मोजत. सत्तावन्नला चुकली, सगळं सोडून पुन्हा एकपासून सुरुवात केली. मी काही बोलले नाही. आठ वर्षांच्या मुलीने चूक झाल्यावर आपणहून परत एकवर यावं, याचा मला फार आनंद झाला.

एरियलची तार खिडकीतून गॅलरीच्या दांडीपर्यंत नेली. अर्थिंग स्वयंपाकघरातल्या नळाला. बिल्डिंग जुनी, नळाचा पाइप अजून लोखंडी, म्हणून जमलं.

अण्णांच्या वेळी डायोड कुठला! चाळीत दुसऱ्या मजल्यावर एक कॉलेजात जाणारा मुलगा होता, त्याने सेट बांधला होता. त्यात गॅलेनाचा खडा असे. शिशाचं खनिज ते, वाटाण्याएवढं, करड्या रंगाचं, चमकदार. त्याच्यावर केसासारखी बारीक तार टेकवायची. खड्यावर सगळीकडे आवाज येत नाही, एखादाच ठिपका लागतो. तो लागेपर्यंत तार उचलायची, टेकवायची, परत उचलायची. श्वास रोखून. जिन्यातून कुणी धपाधप गेलं की खडा हलला, ठिपका गेला, सगळं पहिल्यापासून. त्यामुळे सेट लावायच्या वेळी चाळीतल्या पोरांना जिन्यात धावायची सक्त मनाई. तिसऱ्या मजल्यावरच्या एक आजीबाई तर तेवढा वेळ खलबत्तासुद्धा बाजूला ठेवत, असं अण्णा सांगायचे.

या खड्याची एक गोष्ट मी दर वर्षी वर्गात सांगायचे. गॅलेनाच्या खड्याने रेडिओलहरी पकडता येतात याचं पेटंट जगदीशचंद्र बोस यांचं आहे, अमेरिकेत १९०४मध्ये मिळालेलं. गिरगावातला तो मुलगा आणि चाळीतली मंडळी ज्याच्याभोवती श्वास रोखून बसायची, त्याच्यामागे कलकत्त्याच्या प्रयोगशाळेतले कष्ट होते. मुलांना हे कळलं पाहिजे असं मला तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं. सईलाही सांगितलं. तिने विचारलं, "मग त्यांनी गाणी ऐकली?" नाही गं, म्हटलं, तेव्हा हवेत गाणी नव्हतीच.

परवाना वर्षाला १० रुपये. त्यातले ८ कंपनीला मिळत. कारकुनाच्या पगारात १० रुपये ही लहान रक्कम नव्हती. चाळीने गणपतीसारखी वर्गणी काढली. पण असा परवाना काढणारे थोडेच होते. पहिल्या वर्षाच्या अखेरीला अख्ख्या देशात साडेतीन हजारांच्या आसपास परवाने, आणि विनापरवाना ऐकणारे कितीतरी. केंद्राचा प्रक्षेपक दीड किलोवॅटचा, त्याचा आवाज नीट पोचायचा तो तीसेक मैल. एवढ्याशा श्रोत्यांच्या जोरावर कंपनी चालणार कशी? १९३०च्या मार्चमध्ये ती बुडाली, आणि एप्रिलपासून सरकारने केंद्रं चालवायला घेतली. १९३६ साली ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं. मला त्या बुडालेल्या कंपनीबद्दल अजून वाईट वाटतं. पावणेतीन वर्षंच चालली, पण तेवढ्यात मुंबईच्या चाळींना कान लावायला शिकवून गेली.

आता मुख्य गोष्ट. हेडफोन एकच होता.

ऐकणारा एक आणि भोवती पंधरा-वीस माणसं. ती काय करत? ऐकणाऱ्याचं तोंड बघत. अण्णा म्हणायचे, आवाज लागला हे आम्हाला त्याच्या भुवयांवरून कळायचं. मग तो मोठ्याने सांगू लागे. बाई गातेय. तबला आला. आता बाजारभाव. आता कुणीतरी साहेब बोलतोय. गाणं सांगणार कसं, तर मांडीवर बोटांनी ठेका धरी, आणि भोवतालचे त्या ठेक्यावर माना हलवत. पाच-पाच मिनिटांची पाळी असे. ज्याच्या कानाला हेडफोन त्याने बाकीच्यांना सांगायचं, हा नियम कुणी घातला नव्हता. पण गप्प बसून एकट्याने ऐकणाऱ्याला पुढच्या वेळी शेवटची पाळी मिळे.

आणि जे ऐकू येत होतं ते त्याच क्षणी घडत होतं, हे लोकांना किती जाणवत असेल! ध्वनिफीत तेव्हा नव्हती. एक तर ग्रामोफोनची तबकडी वाजे, नाही तर गाणारी बाई त्या घटकेला खरोखरच अपोलो बंदरच्या स्टुडिओत बसून गात असे. तिला ठसका लागला तर तो गिरगावात ऐकू येई. अण्णांनी एकदा असा ठसका ऐकला होता. गाणं कुठलं ते विसरले, ठसका विसरले नाहीत.

बायकांची पाळी नव्हती. कुणी मुद्दाम नाही म्हटलं असंही नाही. ती वेळ चुलीची, आणि एवढ्या पुरुषांच्या घोळक्यात नव्या सुनेने जाऊन बसायचं ही रीत नव्हती. माझी आजी, तिला सगळे माई म्हणत, तेव्हा सोळा-सतरा वर्षांची. दाराआडून तिला फक्त माणसांच्या पाठी दिसत.

मग त्या मुलाने कुठल्याशा मासिकात एक युक्ती वाचली. हेडफोन धातूच्या भांड्यात ठेवला तर भांडं घुमतं आणि चार-पाच जणांना एकदम ऐकू येतं. भांडं कुणाचं? अण्णा घरात येऊन माईचं पितळी पातेलं घेऊन गेले. भाताचं, नुकतीच कल्हई केलेलं. त्या संध्याकाळी पातेल्याभोवती सहा डोकी एकमेकांना टेकली होती. तळातून मुंगीएवढा आवाज येत होता, पण सगळ्यांना एकाच वेळी.

रात्री पातेलं परत आलं. अण्णा हात धुवायला मोरीत गेले, वळून बघतात तर माईने पातेलं दोन्ही हातांनी उचलून कानाला लावलेलं. रिकामं पातेलं. डोळे मिटून ती ऐकत होती.

अण्णा हे सांगताना दर वेळी इथे थांबायचे. पान लावायला घ्यायचे, चुन्याची डबी उघडायचे, पुन्हा मिटायचे. मग म्हणायचे, "त्या दिवसापासून मी ऐकलेलं सगळं तिला सांगायचो. सगळं."

आणि खरंच सांगत. कंदील बारीक करून, हळू आवाजात. कोण गायलं, पावसाचं काय म्हणाले, कापसाचा भाव काय फुटला. गाता येत नव्हतं तरी गाऊन दाखवत. माईला पुढे घरात व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा, विजेवरचा सेट आल्यावर स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळालं, पण त्याला कितीतरी वर्षं लागली. तोवर तिचा रेडिओ म्हणजे अण्णा. ती मला एकदा म्हणाली होती, "त्यांच्या तोंडून ऐकलेलं गाणं बरं असायचं गं. खऱ्या बाईला काय ठाऊक मला काय आवडतं ते!"

१९४२च्या ऑगस्टच्या शेवटी मुंबईतूनच गुप्तपणे चालणारा काँग्रेस रेडिओ सुरू झाला, ४२.३४ मीटरवर, जागा बदलत बदलत. तो चालवणाऱ्यांतल्या उषा मेहता तेव्हा २२ वर्षांच्या. नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडेपर्यंत तो चालला. गॅलेनाच्या सेटवर शॉर्टवेव्ह कुठली लागायला! पण ओळखीच्या एका घरी व्हॉल्व्हचा सेट होता आणि अण्णा अधूनमधून तिकडे जात. येऊन माईला सांगत. माई सकाळी नळावर दोघी-तिघींना सांगे. त्या वर्षी वर्तमानपत्रांवर काय काय छापायची बंदी होती हे ध्यानात घेतलं, की नळावरच्या त्या कुजबुजीची किंमत कळते. तो चालवताना ज्यांनी धोका पत्करला त्यांची नावं इतिहासात आहेत, आणि ती असायलाच हवीत. पण ऐकून पुढे पोचवणाऱ्या कानांशिवाय ते बोलणं कुठवर गेलं असतं?

मला स्वतःला आठवतो तो व्हॉल्व्हचाच सेट. लावल्यावर अर्धा मिनिट काहीच नाही, नुसता तापलेल्या धुळीचा वास. मग हिरवा डोळा उजळायचा. भिंतीवर जाळीची एरियल, कोपऱ्यात परवान्याचं पुस्तक. सगळे एकदम ऐकायचे आणि कुणी कुणाला काही सांगायची गरज उरली नव्हती.

तर आज. सात वाजता घरातले दिवे, पंखे बंद केले. पंख्याच्या रेग्युलेटरचीही खरखर येते. बाहेर पाऊस. सईच्या कानाला हेडफोन, माझ्या हातात कंडेन्सर. आमच्यापासून मालवणीचे आकाशवाणीचे मनोरे काही फार लांब नाहीत, तरी मी धास्तावले होते. सूतभर फिरवलं, काही नाही. नळाची जोडणी सैल होती, ती पिळून घट्ट केली. परत फिरवलं.

सईच्या भुवया वर गेल्या.

अण्णांनी सांगितलं होतं अगदी तस्संच. मला काही ऐकू येत नव्हतं आणि तरी कळलं. तिने तोंडाचा चंबू केला, हात वर करून मला थांब म्हटलं. मी कंडेन्सरवरून बोटसुद्धा हलवलं नाही. काय लागलंय हे विचारायचं होतं, पण आवाज केला तर तिचं जाईल असं वाटलं. अंधारात तिचा चेहरा बघत बसले. दोन मिनिटं असतील, फार मोठी वाटली.

मग ती आपणहून सांगू लागली. "आजी, एक काका बोलतायत. मराठीत. आता थांबले. आता ते ताणून वाजतं ना, तंबोरा, तो. एक बाई... शब्द नाहीयेत, नुसतं आ आ." आणि तिने मांडीवर बोटं आपटायला सुरुवात केली. तिला मी हे शिकवलं नव्हतं. ही गोष्टही तिला अजून सांगितली नव्हती, उद्यासाठी ठेवली होती.

पातेलं माझ्याकडेच आहे. कल्हई कधीच गेलीये, काठाला एक पोचा आहे. आणलं, त्यात हेडफोन ठेवला. दोघींनी डोकी टेकवली. अगदी बारीक, पावसापेक्षाही बारीक, पण होता आवाज. बाईंचा आलाप पातेल्याच्या तळातून वर येत होता. सईच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. गाणं संपेपर्यंत आम्ही हललो नाही.

सईची आई साडेआठला ऑफिसच्या कामातून उठून बाहेर आली. दिवे का नाहीत म्हणून विचारलं. सई हेडफोन तिच्या हातात द्यायच्याऐवजी तिला ओढून खाली बसवून म्हणाली, "थांब, आधी मी सांगते."

पातेलं घासून ठेवलंय. उद्या सोमवार, सईची शाळा सकाळची आहे. तार गॅलरीतच राहू दिली आहे, विजा नाहीत आज.