आधी स्टिअरिंग, मग उंची: आमची वाटचाल

भांडुपला एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत आमचा गाळा आहे. पाटीवर गॅरेजचं नाव असलं तरी ओळखीचे लोक पत्ता सांगताना ‘टाय रॉडवाले’ असंच सांगतात. टाय रॉड म्हणजे पुढची दोन चाकं एकत्र वळवणारा दांडा. उंच केलेल्या जिप्सी, जुन्या महिंद्रा जीप, थार आणि आता जिम्नी, अशा गाड्यांच्या स्टिअरिंग लिंकेजचं, म्हणजे स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतच्या दांड्या-सांध्यांचं काम हा आमचा मुख्य धंदा. रंग, लाइट, बंपर आम्ही करत नाही. गाडी वळते कशी आणि सरळ जाते कशी, एवढंच बघतो.

गाळा आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते वडाळ्याला ट्रकांवर काम शिकले आणि इथे आल्यावर ४०७ टेम्पोंचे किंगपिन (चाक ज्या खुंटीवर वळतं ती), टाय रॉड एंड (टाय रॉडच्या टोकाचा सांधा), स्टिअरिंग बॉक्स हेच करत राहिले. टेम्पोवाल्याचा पुढचा टायर एका कडेने झिजला की त्याच्या घरातलं गणित कोलमडतं, म्हणून या कामाला गिऱ्हाईक कायम असायचं. आप्पांची तपासणीची रीत साधी होती. चाकं जमिनीवरच ठेवायची, पोऱ्याने वर बसून स्टिअरिंग थोडं डावं-उजवं करत राहायचं, आणि आप्पांनी गाडीखाली आडवं होऊन एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. खेळ कुठे आहे ते बोटांना लगेच कळतं. आज आमच्याकडे अलाइनमेंटचं मशीन आहे, तरी गाडी मशीनवर चढायच्या आधी ही तपासणी होतेच.

मी आयटीआय करून गाळ्यात आलो, त्या सुमारास लष्कराच्या लिलावातल्या जिप्सी मुंबईत येऊ लागल्या होत्या. हौशी मुलं त्या घ्यायची, कुठूनतरी उंच करून आणायची आणि मग आमच्याकडे यायची. तक्रार बहुधा तीच. “दादा, साठच्या वर गेलं की गाडी हातात राहत नाही. खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग आपोआप फिरतं.”

यामागचं कारण मी गिऱ्हाईकाला पाटीवर खडूने काढून दाखवतो, कारण ते कळलं नाही तर आमचं बिल त्याला महागच वाटणार. जिप्सीचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, कारखान्यातून ॲक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) खाली बसवलेले असतात. ते ॲक्सलच्या वर बसवले की गाडी चार-पाच इंच उचलली जाते. पण स्टिअरिंग बॉक्स चेसिसला असतो, तोही वर जातो. बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचं, म्हणजे ड्रॅग लिंकचं, दुसरं टोक मात्र नकलला (चाक ज्या भागावर वळतं त्याला), म्हणजे ॲक्सलबरोबर खालीच राहतं. जी लिंक जवळपास आडवी होती ती तिरकी होते. समजा, लिंकची आडवी लांबी ८०० मिमी आहे. ती समतल असताना ॲक्सल ५० मिमी वर आला तर तिचं टोक आडव्या दिशेने जेमतेम दीड मिमी सरकतं. तीच लिंक १२५ मिमीच्या उतारावर असेल तर तेवढ्याच हालचालीत टोक सहा मिमीच्या वर सरकतं. नकलचा आर्म १५० मिमीचा धरला तर ड्रायव्हरने काहीही न करता चाक दोन अंशांहून जास्त वळतं. स्टिअरिंगला हाच फरक तीस-चाळीस अंशांचा होऊन जाणवतो. घोडबंदर रोडवर शेजारी डंपर असताना हे घडलं तर काय होईल, ते वेगळं सांगावं लागत नाही.

उपाय दोन-तीन आहेत. ‘झेड’ आकाराची ड्रॅग लिंक बसवून दोन्ही टोकांच्या जॉइंटचं कोनाचं दुखणं कमी होतं. पण बंप स्टिअरचं, म्हणजे खड्ड्यात चाक आपोआप वळण्याचं, गणित दोन टोकांना जोडणाऱ्या सरळ रेषेवर चालतं, मधल्या वाकावर नाही. म्हणून ती मला अर्धा उपाय वाटते. खाली झुकलेला, घडीव पिटमन आर्म (बॉक्सला लागून ड्रॅग लिंक हलवणारा हात) मिळाला तर लिंक सपाट होते, पण तो ज्यावर बसतो त्या बॉक्सच्या सेक्टर शाफ्टवरचा ताण वाढतो आणि बॉक्स जुना असेल तर त्याची सील लवकर जातात. मला पटलेला उपाय म्हणजे नकलवर वरच्या बाजूने जाड आर्म बसवून ड्रॅग लिंक आणि टाय रॉड दोन्ही वर घेणं. लिंक सपाट होते आणि टाय रॉड दगडांपासून लांब जातो. खर्च मात्र सगळ्यात जास्त याच कामाला येतो.

जे आम्ही कधीच करत नाही तेही सांगतो. पिटमन आर्म गॅसवर तापवून वाकवणं ही मुंबईत अजून चालणारी गोष्ट आहे. तो घडीव पोलादाचा असतो, ठरावीक पाणी दिलेला. तापवला की ते पाणी उतरतं आणि दिसायला सगळं ठीक दिसतं. असा आर्म आमच्याकडे आला तर गिऱ्हाईकाला विचारून आम्ही ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे करतो, म्हणजे तो परत कुठल्या गाडीवर चढत नाही. टाय रॉड एंडला वेल्डिंगही तसंच. कापून लांबी वाढवलेले रॉड आम्ही काढून ठेवतो, दुरुस्त करत नाही.

सुरुवातीला तयार भाग मिळायचेच नाहीत. नागदेवीच्या बाजारात रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) आणि उलटे आटे पाडायचे टॅप शोधायचे, सीमलेस पाइप आणायचा आणि साकीनाक्याच्या लेथवाल्या काकांकडे तासन्‌तास उभं राहायचं, असे ते दिवस गेले. काकांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली. टेपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता दांडा, बसलाय असं वाटणं वेगळं आणि बसणं वेगळं. म्हणून बॉल जॉइंटच्या टेपरला निळा रंग लावून भोकात बसवायचा, काढायचा आणि रंग सगळीकडे सारखा उमटलाय का ते बघायचं. एका बाजूलाच उमटला तर भोक परत रीम करायचं. कॅसल नट ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी पुढे घ्यायचा, ढिला कधीच करायचा नाही, आणि पिन दरवेळी नवी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलाचा पहिला आठवडा यातच जातो.

काही गिऱ्हाइकांना दोन्ही टोकांना ‘रोझ जॉइंट’, म्हणजे उघडे गोलाकार धातूचे सांधे, हवे असतात. दिसायला देखणे, ताकदही चांगली. पण त्यांच्यावर रबरी बूट नसतो, आणि आपल्या पावसात, चिखलात आणि खाऱ्या हवेत ते लवकर खडखडू लागतात. स्पर्धेच्या गाडीला, जिचा प्रत्येक जॉइंट दर फेरीनंतर तपासला जातो, तिथे जरूर लावा. बाकीच्यांना आम्ही बूटवाला, ग्रीस भरता येणारा टाय रॉड एंडच देतो.

भारतात २०२३ मध्ये पाच दारांची जिम्नी आली आणि कामाचं स्वरूप बदललं. तिला पुढेही सलग ॲक्सल आहे, पण कॉइल स्प्रिंगवर, आणि ॲक्सल बाजूला सरकू नये म्हणून त्याला धरणारा आडवा पॅनहार्ड रॉड. इथे ड्रॅग लिंक आणि पॅनहार्ड रॉड समांतर राहायला हवेत, नाहीतर दोघं वेगवेगळ्या कमानीत फिरतात. एकाची जागा बदलायची तर दुसऱ्याची बदललीच पाहिजे. उंची वाढल्यावर कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन, कमी होतो, त्यामुळे गाडी भरकटते. तो आधी परत मिळवायचा. वॉबल आला, म्हणजे पुढची चाकं थरथरू लागली, की लोक थेट मोठा स्टिअरिंग डॅम्पर (हादरे शोषणारा भाग) मागतात. डॅम्परने थरथर झाकली जाते, तिचं मूळ तसंच राहतं. आम्ही तो सगळ्यात शेवटी लावतो. २०२० च्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, तिथे प्रश्न टाय रॉड आणि कंट्रोल आर्मच्या (चाक धरणाऱ्या हातांच्या) कोनांचा असतो, आणि तिला उंची जितकी कमी द्याल तितकं बरं.

कायद्याचं बोलणं आम्ही पहिल्याच भेटीत करतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या, कारखान्याने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. हे ऐकून काहीजण उतरवलेले मूळ पाटे घेऊन परत येतात. गाडी पुन्हा कारखान्याच्या उंचीला आणून, झिजलेले जॉइंट बदलून देण्याचं काम आम्हाला मनापासून आवडतं. ज्यांची गाडी ट्रेलरवरून बंद ट्रॅकवर जाते, त्यांचं काम वेगळ्या पद्धतीने होतं.

आमच्या बिलात स्टिअरिंगचा भाग वेगळा लिहिलेला असतो आणि त्यावर सवलत नसते. माझी बहीण हिशेब बघते, आणि हा नियम तिनेच घातला. आधी उंची करून द्या, स्टिअरिंगचं पुढच्या पगाराला बघू, असं म्हणणाऱ्यांना ती चहा देते आणि काम घेत नाही. त्यामुळे गेलेली कामं थोडी नाहीत. तेवढी झळ आम्ही सोसली.

सध्या आम्ही टाय रॉडसाठी जिग, म्हणजे मापाचे साचे, बनवतोय, म्हणजे प्रत्येक मॉडेलची लांबी आणि टोकांचा कोन दरवेळी गाडीवर मोजत बसावं लागणार नाही. जिप्सीचा झाला आहे. जिम्नीचा पावसाळ्याआधी लेथवरून येईल.