मोर्चा मुक्कामाला येतो तेव्हा

२६ जानेवारी २०२४ च्या सकाळी झेंडावंदन आटोपून मी वडिलांना घेऊन नवी मुंबईतल्या वाशीच्या घाऊक बाजारात गेले. अंतरवाली सराटीहून २० जानेवारीला निघालेला मराठा आरक्षणाचा मोर्चा रात्रीतून बाजार समितीच्या आवारात मुक्कामाला आला होता आणि वडिलांना ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे होते. त्यांचे सारे आयुष्य याच बाजारात, कांदा-बटाट्याच्या गोण्या वाहण्यात गेले. साताऱ्याकडून आलेल्या हजारो माणसांप्रमाणे तेही माथाडीच्या टोळीत लागले आणि १९८१ मध्ये कांदा-बटाट्याचा बाजार मुंबईहून वाशीला हलला तेव्हा त्याच्याबरोबर खाडी ओलांडून इकडे आले.

गाळ्यांसमोरची जी जागा एरवी ट्रक, हातगाड्या आणि मुकादमाच्या हाकांनी भरलेली असते, तेथे त्या दिवशी टेम्पो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या होत्या. बहुतेकांवर ताडपत्रीचे छत बांधले होते, आत गोधड्या, पिठाचे डबे, गॅसची लहान शेगडी, असा महिनाभर पुरेल एवढा संसार होता. एका ट्रॉलीच्या फाळक्यावर दोरी बांधून त्यावर धुतलेली धोतरे आणि टॉवेल वाळत घातले होते. बाजारातले माथाडी कामगार पाण्याचे पिंप भरून आणत होते, पोह्यांची पातेली उतरवत होते. वडील एका गाळ्याच्या पायरीवर बसले आणि जालन्याच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याशी यंदाच्या पावसाबद्दल बोलू लागले.

मी जरा पुढे गेले तेव्हा नऊवारीतल्या एका बाईंनी मला थांबवले आणि अगदी हळू आवाजात विचारले, "ताई, इथं बायांसाठी सोय कुठं हाय ओ?" सोय होती, पण तेथे इतकी मोठी रांग होती की, त्या आणि त्यांच्या सोबतच्या तिघी दोनदा जाऊन परत आल्या होत्या. माझी एक मैत्रीण बाजारापासून पाच मिनिटांवर राहते. तिला फोन करून मी या चौघींना तिच्या घरी घेऊन गेले. त्यांनी हातपाय धुतले, चहा घेतला, पाणी किती वेळ असते याची चौकशी केली. दिवसभर असते, असे मैत्रिणीने सांगितल्यावर त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. आम्ही निघालो तेव्हा सर्वांत थोरल्या बाईंनी आमच्या नकळत न्हाणीघरातली बादली पुन्हा काठोकाठ भरून ठेवलेली होती. परक्याच्या घरचे पाणी वापरले तर ते भरून ठेवायचे, एवढेच त्या म्हणाल्या.

दुपारी शिवाजी चौकात सभा झाली. दुसऱ्या दिवशी शासनाचा मसुदा हाती आला आणि तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्या हातून फळांचा रस घेऊन मोर्च्याचे नेते मनोज जरांगे पाटील यांनी उपोषण सोडले. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. मागणीच्या योग्यायोग्यतेबद्दल आमच्या घरातही एकमत नाही आणि आज मला त्याविषयी लिहायचे नाही. मला लिहायचे आहे ते त्या बाईंच्या हळू आवाजातल्या प्रश्नाबद्दल, कारण मोर्च्यांवर मत देणाऱ्या कोणाच्याही तोंडी मी तो प्रश्न अजून ऐकलेला नाही.

परतताना वडील २२ मार्च १९८२ च्या मोर्च्याविषयी बोलत होते. आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी घेऊन माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत मोर्चा काढला, वडील त्यात चालले आणि दुसऱ्या दिवशी अण्णासाहेब गेल्याची बातमी आली. त्या मोर्च्यात पाण्याची सोय काय होती, असे मी विचारले, तेव्हा ते बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "तहान लागली तर लोकांच्या दारात मागायचो. पुरुषांचं कसंही भागतं गं."

नवी मुंबईने तरी हा प्रश्न अंगाबाहेर टाकू नये, असे मला मनापासून वाटते. १९७० मध्ये नवे शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. त्या जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले, १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले आणि त्या लढ्यातूनच पुढे, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर उभ्या असलेल्या इमारतींत आज कितीतरी कुटुंबे राहतात. आमच्या शेजारचे आगरी आजोबा दर जानेवारीत उरण तालुक्यातल्या जासईला त्या हुतात्म्यांच्या अभिवादनाला जातात आणि येताना आमच्या घरी थांबून सगळे पुन्हा सांगतात. नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बां.चे नाव द्यावे म्हणून २४ जून २०२१ रोजी, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोला घेराव घालण्यासाठी लोक बेलापुरात जमले तेव्हाही ते गेले होते आणि भर पावसात उभे राहिले होते.

ज्या शहराच्या आराखड्यात उद्याने, बसथांबे, पार्किंग, बाजार यांच्यासाठी सेक्टरनिहाय भूखंड राखले गेले, त्या शहरात गाऱ्हाणे मांडायला आलेल्या माणसाने मात्र सिडको भवनासमोर, कोकण भवनासमोर किंवा महापालिका मुख्यालयाबाहेर रस्त्याच्या कडेलाच उभे राहायचे असते. मग वाहतूक अडते आणि अडकलेला चाकरमानी मोर्चेकऱ्यांवर चिडतो. दोघांचेही हाल होतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा मुंबईकडे मोर्चा निघाला, तेव्हा उच्च न्यायालयाने सरकारला सुचवले की, आंदोलकांना खारघरसारखी पर्यायी जागा देता येईल. मुंबईची कोंडी टाळण्याचा त्यामागचा हेतू मी समजू शकते. तरीही दाद मंत्रालयात मागायची असलेल्या माणसाला खाडीपलीकडे बसवले, तर त्याचा आवाज कोणाच्या कानावर पडणार? शिवाय खारघरचे उघडे मैदान म्हणजे काय, हे १६ एप्रिल २०२३ रोजी महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात आपण पाहिले आहे. भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले आणि तो तर सरकारनेच आयोजित केलेला कार्यक्रम होता.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की, बेलापुरात, जेथे ही सारी कार्यालये आहेत तेथेच, स्थानकापासून चालत जाता येईल अशी एक जागा आंदोलनासाठी कायमची राखून ठेवावी. तिच्यावर पक्के छत असावे, पिण्याच्या पाण्याचे नळ असावेत, रात्री उजेड असावा, एक रुग्णवाहिका उभी राहील एवढी वाट मोकळी असावी आणि स्त्रियांची स्वच्छतागृहे पुरुषांपेक्षा संख्येने जास्त असावीत, कारण स्त्रियांना वेळ अधिक लागतो आणि त्यांच्यासोबत मुलेही असतात. या मागणीचे पत्र मी महापालिकेला आणि सिडकोला, दोघांनाही पाठवणार आहे. आगरी आजोबांनी त्यावर सही केली आहे, वडिलांनीही केली आहे आणि मैत्रिणीने सही करताना स्वच्छतागृहांच्या ओळीपुढे स्वतःच्या हाताने लिहिले आहे, "चोवीस तास पाण्यासह."