‘रिडक्शन’च्या पुढे ‘ऑफ’ की ‘इन’?

रावेर परिसरातून केळी परदेशी पाठवणाऱ्या एका पॅकहाऊसमध्ये माझा जुना विद्यार्थी कामाला आहे. मागच्या महिन्यात त्याचा रात्री उशिरा फोन आला. माल कमी पडल्यामुळे या खेपेत दहा टक्के घट होईल, असे त्याला आखातातल्या खरेदीदाराला इंग्रजीत कळवायचे होते आणि त्याने लिहिले होते, ‘वुई हॅव रिड्यूस्ड द क्वांटिटी टू टेन पर्सेंट’. ठरलेली खोकी १,२०० होती. त्याच्या मनात १,०८० होती, पण वाचणाऱ्याने १२० असाच अर्थ घेतला आणि उरलेल्या मालासाठी दुसरीकडे चौकशी सुरू केली. ‘सर, एका टूमुळे एवढं होतं?’ त्याचा आवाज पडला होता.

होते, आणि ते कळण्यासाठी इंग्रजीपेक्षा आधी आपल्या मराठीकडे पाहावे, असे मला मनापासून वाटते. ‘दहा टक्क्यांनी कमी केले’ म्हणजे ‘बाय टेन पर्सेंट’ आणि ‘दहा टक्क्यांवर आणले’ म्हणजे ‘टू टेन पर्सेंट’. हा फरक आपल्या घरातल्या लहान मुलालाही बोलताना चुकत नाही.

क्रियापदाऐवजी नाम वापरले तरी हाच धागा टिकतो. ‘मालात दहा टक्क्यांची कपात’ या शब्दांतला ‘ची’ म्हणजे ‘ऑफ’ आणि ‘त’ म्हणजे ‘इन’, म्हणून ‘अ रिडक्शन ऑफ टेन पर्सेंट इन द क्वांटिटी’. किती कमी झाले ते ‘ऑफ’ सांगते, कशात कमी झाले ते ‘इन’ सांगते. आकडा नामाच्या आधी आणला, तर ‘अ टेन पर्सेंट रिडक्शन’ होते आणि ‘ऑफ’ची गरजच उरत नाही. पगारातली कपात ‘अ कट इन सॅलरी’ होते. (‘द रिडक्शन ऑफ पॉव्हर्टी’ हेही शुद्धच आहे, मात्र तिथे गरिबी कमी करण्याच्या कामाबद्दल बोलणे असते.) कापूस मोजताना व्यापारी क्विंटलमागे कट्टी लावतो, ती मात्र वजनातून वजा होते, म्हणून तिथे ‘डिडक्शन फ्रॉम द वेट’ लिहावे लागते, ‘तून’ आला की ‘फ्रॉम’ आला.

मराठीचा आधार सुटतो तो ‘कट बॅक’पाशी. डॉक्टर ‘साखर कमी करा’ म्हणतात, त्यात कोणताही प्रत्यय दिसत नाही, पण इंग्रजीत ‘कट बॅक ऑन शुगर’ म्हणतात. हे क्रियापद दोन शब्दांत लिहितात. नाम झाले की ‘कटबॅक’ जोडून लिहितात, उच्चारातला जोर पहिल्या भागावर (‘कट’वर) येतो आणि पुढे बहुधा ‘इन’ येते: ‘कटबॅक्स इन स्पेंडिंग’. एवढे मात्र पाठच करावे लागते.

त्या रात्री आम्ही फोनवरच मजकूर पुन्हा लिहिला. ‘अ रिडक्शन ऑफ टेन पर्सेंट’ लिहून झाल्यावर त्याने आपणहून १,२०० आणि १,०८० हे दोन्ही आकडे पुढे टाकले आणि मगच पत्र पाठवले.