मार्चमधलं इंडियाना: मेपलचं गुऱ्हाळ, बास्केटबॉल आणि सोयाबीनची धास्ती

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात मार्चमध्ये जायचं तर तारखा नीट जुळवाव्या लागतात. मेपलच्या झाडाचा गोड रस पहिल्या पंधरवड्यात मिळतो, तर विद्यापीठांच्या बास्केटबॉलला खरा रंग चढतो दुसऱ्या पंधरवड्यात. २०२५ च्या मार्चमध्ये आम्ही दोन्ही साधलं. मुक्काम ठेवला पार्क काउंटीतल्या रॉकव्हिलला. इंडियानापोलिसहून महामार्ग ३६ धरला की पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर हे गाव आहे. काउंटीत छप्पर असलेले ३१ लाकडी पूल आहेत. पण मार्चमध्ये आधी गुऱ्हाळ पाहा.

गुऱ्हाळच म्हणतो, कारण काम तेच आहे: चुलवण, पसरट काहील, फेस आणि वाफ. रात्री गोठायचं आणि दिवसा वितळायचं, असं आळीपाळीनं झालं तरच खोडातून रस ठिबकतो. झाड किमान २५-३० सेंटीमीटर व्यासाचं लागतं. भोक ८ मिलिमीटरचं आणि चार-पाच सेंटीमीटर खोल, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन पाडतात. गेल्या वर्षीच्या भोकाजवळ पुन्हा पाडलं तर मेलेलं लाकूड लागतं आणि रस येत नाही. रसात साखर जेमतेम दोन टक्के, म्हणून ४० लिटर आटवावा तेव्हा लिटरभर पाक हाती येतो.

खरं कसब पाक उतरवण्यात आहे. पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा चार अंश सेल्सिअस वर गेला की उतरवायचा. हवेच्या दाबाप्रमाणे हा बिंदू रोज थोडा हलतो, म्हणून आधी साधं पाणी उकळून तापमापक तपासून घेतात. लवकर उतरवला तर पाक आंबतो, उशीर झाला तर बाटलीच्या तळाशी खडे धरतात. फेस उतू जायला लागला की लोण्याचा एक थेंब पुरतो. गाळणं पाक गरम असतानाच, जाड नमद्यातून. नाहीतर खनिजांचा बारीक गाळ खाली राहतो. झाडांच्या कळ्या फुगल्या की चव बिघडते आणि हंगाम आटोपतो.

याच दिवसांत जमीन वरून वितळते, पण खाली गोठलेलीच असते. पाणी मुरत नाही. खडीच्या रस्त्याच्या कडेला गाडी उतरवली की चाक रुततंच. वळवायची तर पक्क्या जागीच वळवा. टर्की रन उद्यानातली तीन क्रमांकाची वाट घळीतून आणि शिड्यांवरून जाते, पाऊस झाला असेल तर ती टाळा.

सकाळी गावातल्या उपाहारगृहात दोनच विषय असतात. एक ब्रॅकेट, म्हणजे विद्यापीठांच्या बास्केटबॉल स्पर्धेचा तक्ता: ६८ संघ, हरला तो बाहेर. दुसरा सोयाबीनचा भाव, बुशेलमागे म्हणजे २७.२ किलोमागे. त्या महिन्यात अमेरिकेनं कॅनडाच्या मालावर आयात कर बसवला. अमेरिका-मेक्सिको-कॅनडा व्यापार करारात न बसणाऱ्या पोटॅश खतावर तो आधी २५ टक्के होता, ७ मार्चपासून १० टक्के झाला. चीननं १० मार्चपासून अमेरिकी सोयाबीनवर १० आणि मक्यावर १५ टक्के जादा कर लावला. पेरणी एप्रिलअखेर सुरू होते. बियाणं बहुतेकांनी आधीच घेतलेलं. सोयाबीन सोडून मका वाढवावा तर नत्राचा खर्च वाढतो, शिवाय मक्यावरचा कर तेव्हा जास्तच होता. २०१८ मध्ये चीननं २५ टक्के कर लावला होता, त्याची आठवण अजून ताजी आहे. लातूरच्या बाजारातही शिकागोच्या वायदे बाजारातल्या भावाकडे डोळे असतात. आपल्याकडच्या वाचकाला ही धास्ती वेगळी समजावून सांगायला नको.

सामन्यांसाठी इंडियानापोलिस. २८ मार्चला लुकास ऑइल स्टेडियममध्ये ह्यूस्टननं पर्ड्यूला ६२-६० असं हरवलं, शेवटचा बास्केट एक सेकंदही उरला नसताना पडला. पर्ड्यू इथलंच विद्यापीठ, त्यामुळे प्रेक्षक बहुतेक त्यांचेच. एका तिकिटात एका सत्राचे दोन्ही सामने येतात, पण हे फुटबॉलचं मैदान आहे, वरच्या मजल्यावरून खेळाडू मुंगीएवढे दिसतात. मला विचाराल तर बटलर विद्यापीठाचं १९२८ चं हिंकल फील्डहाउस आधी पाहा. विटांच्या भिंती, उंच खिडक्यांतून लाकडी मैदानावर पडणारं ऊन. १९५४ मध्ये मायलन या छोट्या गावच्या शाळेनं मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला ३२-३० असं इथंच हरवलं होतं.

इथून पुढे इलिनॉयकडे जाणार असाल तर सीमेवर घड्याळ तासभर मागे जातं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेची बहुतेक घड्याळं एक तास पुढे होतात, तेही लक्षात ठेवूनच सामन्याची वेळ पाहा.