बाळ, बर्फ आणि न पेटवलेली शेगडी

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात आमचं ऑस्टिन शहर, तिथली घरं उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली असतात. वर्षातले सहा-सात महिने एसी चालणार हे धरूनच भिंती, खिडक्या, छप्पर ठरतं. पाण्याचे पाइप बाहेरच्या भिंतीतून, नाहीतर माळ्यावरून नेलेले. हिवाळ्यात एखाद्या रात्री पारा शून्याला टेकतो, लोक अंगणातल्या नळाला जुना टॉवेल गुंडाळतात, आणि दोन दिवसांनी पुन्हा अर्ध्या बाह्यांचा शर्ट अंगावर येतो. अशाच एका घरात फेब्रुवारी 2021 च्या हिमवादळात आम्ही होतो, आणि तेव्हा आमची लेक पाच महिन्यांची होती.

कोविडमुळे बाळंतपणाला कोणीच येऊ शकलं नव्हतं. व्हिसाच्या मुलाखती ठप्प होत्या. मालिश कशी करायची, टाळू कशी भरायची, पोटावर हिंग कसा लावायचा, हे सगळं आईने वाईहून व्हिडिओ कॉलवर शिकवलं. तिची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ, त्यामुळे आमचा दिवस रोज तिच्या आवाजानेच सुरू व्हायचा. वादळाच्या आधी आठवडाभर ती फक्त एकच विचारत होती, "अगं, कुंची आहे ना गं तिची?" होती. पार्सलने आलेली, लाल खणाची, आतून मऊ मलमलीचं अस्तर लावलेली.

रविवारी 14 तारखेला रात्री बर्फ सुरू झाला. सकाळपर्यंत साडेसहा इंचांच्या आसपास पडला होता. शहरात 1949 नंतर एका दिवसात इतका बर्फ पडलाच नव्हता. एरवी आम्ही लेकीला घेऊन खिडकीत उभे राहून फोटो काढले असते, पण मध्यरात्रीनंतर वीज गेली होती आणि घरातला हीटर विजेवरचा होता. शेगडीही विजेवरची. गॅसची जोडणी आमच्या गल्लीत नाहीच.

आधी सांगण्यात आलं होतं की वीज थोडा-थोडा वेळ जाईल, पाळीपाळीने. आपल्याकडच्या भारनियमनाची सवय असलेल्या कोणालाही त्यात घाबरण्यासारखं वाटलं नसतं. पण इथे पाळी आलीच नाही. त्यामागचं कारण नंतर नीट वाचलं, तेव्हा समजलं. टेक्सासचं वीजजाळं बहुतांशी स्वतंत्र आहे, बाकीच्या अमेरिकेशी त्याची जोडणी अगदी मोजकी, त्यामुळे शेजारच्या राज्यांतून हवी तेवढी वीज आणता येत नाही. थंडीने गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनवरची यंत्रं गोठली. गॅस नाही म्हणून वीजकेंद्रं बंद, आणि वीज नाही म्हणून गॅस पुढे ढकलणारी यंत्रंही बंद. पवनचक्क्या गोठल्या त्या गोठल्याच, पण सगळ्यात मोठी तूट गॅसची होती. सगळं जाळं एकदम कोसळायला पाच मिनिटांहून कमी वेळ उरला होता, म्हणून लाखो घरांची वीज तोडली गेली. ज्या वीजवाहिन्यांवर हॉस्पिटल किंवा अग्निशमन केंद्र होतं त्या चालू ठेवल्या. त्या वगळल्यावर ऑस्टिनमध्ये पाळीपाळीने बंद-चालू करायला वाहिन्याच उरल्या नाहीत. जे अंधारात गेले ते अंधारातच राहिले. राज्यभरात 45 लाखांवर घरं आणि दुकानं त्या आठवड्यात अशी अंधारात होती.

बाळाच्या खोलीत लावलेल्या थर्मामीटरवर दुपारपर्यंत 48 फॅरनहाइट आले होते, म्हणजे सेल्सियसमध्ये 9. बाहेर रात्री पारा उणे 13 च्या आसपास जात होता. स्वयंपाकघरात खोबरेल बाटलीत दगडासारखं थिजलं होतं. ओल्या वाइप्सचं पाकीट मी ब्लाउजच्या आत ठेवायचे, कारण तसाच गार वाइप लावला की लेक श्वास रोखून धरायची आणि मग किंचाळायची. तिचा तो रोखलेला श्वास मला अजून ऐकू येतो.

आम्ही घर सोडून दिलं आणि कपड्यांच्या खोलीत राहायला गेलो. इथल्या घरांत मोठ्या बेडरूमला लागून कपडे ठेवायची एक छोटी खोली असते. आमच्या खोलीची एकही भिंत बाहेरच्या हवेला लागत नाही, खिडकी नाही, आणि तिन्ही बाजूंनी टांगलेले कपडेच कपडे. खाली दोन गाद्या, वर गोधड्या. माझ्या आजीच्या नऊवारींची शिवलेली एक होती, ती सगळ्यात जड. तिघांच्या अंगाच्या उबेने तिथे बाहेरच्यापेक्षा बरंच कमी गारठायचं. मेणबत्ती मात्र आत आणली नाही. एवढ्या कपड्यांत ज्योत नको, आणि बंद खोलीत तर नकोच.

शेगडीचा विषय निघाला तो तिथेच. आमच्याकडे मागच्या अंगणात कोळशाची ग्रिल होती. आईने फोनवर ती पाहिली आणि म्हणाली, "दोन निखारे घमेल्यात घेऊन खोलीच्या कोपऱ्यात ठेव की. तुझ्या जन्माच्या वेळी बाजेखाली शेगडी होती, मार्गशीर्षाची थंडी कळली नाही आपल्याला."

तिचं चूक नव्हतं. वाईच्या घराला कौलं होती, कौलांत फटी होत्या, वर धुरासाठी उघडा झरोका, आणि दाराबाहेर चौक. शेगडीतला वायू त्या घरात साठून राहूच शकत नव्हता. आमचं इथलं घर एसीची गार हवा बाहेर जाऊ नये म्हणून चारी बाजूंनी बंद केलेलं. खिडक्यांना रबर, भिंतीत फोम, दाराखाली ब्रश. त्यात निखारे ठेवले तर कार्बन मोनॉक्साइड साठत जातो. त्याला ना वास ना रंग, आणि तान्हं बाळ मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेत असल्यामुळे त्याला तो आधी आणि जास्त बाधतो. त्याच दिवसांत ह्यूस्टनकडे काही कुटुंबांनी घरात कोळसा पेटवला होता, काहींनी बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवली होती. त्यात माणसं गेली, मुलंही गेली. इथल्या मराठी आयांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हे आलं तेव्हा माझे हात कापत होते, आणि ते थंडीने नव्हे.

मी आईला कौलांचं आणि फोमचं सगळं समजावलं. ती क्षणभर गप्प झाली. "नको गं बाई, मग नकोच," म्हणाली. आणि लगेच पुढे, "मग पोटाशी घे. कपडे काढून पोटाशी घे, वरून तू गुंडाळून बस. तेवढी ऊब कुठलीच शेगडी देत नाही." बाळाच्या डॉक्टरांच्या नर्सनेही फोनवर नेमकं तेच सांगितलं होतं. फक्त डायपर घातलेली लेक माझ्या छातीशी, तिच्या डोक्यावर कुंची, वरून माझा स्वेटर, नवऱ्याचं जाकीट आणि गोधडी. हातपाय गार लागले तरी घाबरायचं नाही, मानेमागे बोट लावून बघायचं, हेही नर्सनेच सांगितलं. मानेमागे ती सतत कोमट होती. दर थोड्या वेळाने मी बोट लावत होते.

झोपवताना मात्र मी हट्टाने वेगळं केलं. सासूबाई नाशिकहून कळवळून म्हणत होत्या की दोघांच्या मध्ये घे, दोन दुपटी अजून घाल. मी म्हटलं, "आई, तुम्ही काळजी करू नका, पण सुटं पांघरूण तिच्या तोंडावर येऊ शकतं, आणि आम्ही दोघं इतके थकलोय की आम्हालाच शुद्ध राहणार नाही." लेक तिच्या छोट्या पाळण्यात, कुंची काढून, आत लोकरीचे कपडे आणि वरून स्लीप सॅक, म्हणजे अंगात घालायची पांघरुणाची पिशवी, अशी झोपायची, आणि आमच्यातलं एक जण जागं राहायचं. नवरा रात्री दोनपर्यंत, पुढे मी. मला यात अजूनही तडजोड मान्य नाही. थंडीची भीती दिसते, श्वास कोंडल्याचा आवाज होत नाही.

खायचं म्हणाल तर मागच्या अंगणात, अगदी उघड्यावर, सहलीला नेतो तो छोटा गॅसचा स्टोव्ह लावून नवरा मऊ भात शिजवायचा आणि थर्मास भरून पाणी आत आणायचा. अळिवाचे लाडू होते, त्यांनी मला तारलं. फ्रीजरमधलं साठवलेलं दूध मी बर्फात पुरलेल्या कूलरमध्ये हलवलं होतं, त्यातली एकही पिशवी वितळली नाही. फोन गाडीत चार्ज करायचो. त्यासाठी गॅरेजचं विजेवरचं दार यंत्रापासून सोडवणारी लाल दोरी ओढून, दार हाताने उचलून, गाडी आधी पूर्ण बाहेर काढायची आणि मगच चालू करायची, असा नियम.

मंगळवारी मागच्या गल्लीतल्या एका तेलुगू कुटुंबाचा निरोप आला. अग्निशमन केंद्राच्या वाहिनीवर असल्यामुळे त्यांची वीज टिकून होती. "बाळाला घेऊन लगेच या." त्यांच्या घरी सत्तरी ओलांडलेल्या अम्मा होत्या. लस आमच्यापैकी कोणालाच मिळाली नव्हती. वर्षभर आम्ही कोणाच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं, आणि त्यांनीही कोणाला आत घेतलं नव्हतं. माझ्या मनात लेकीची भीती होती तेवढीच अम्मांचीही. नवरा म्हणाला, विषाणूचं कदाचित आहे, थंडीचं नक्की आहे. मी अम्मांच्या मुलीला फोन करून स्पष्ट विचारलं, की आईंना विचारलंत का? मागून अम्मांचा आवाज आला, तेलुगूत, आणि मुलगी हसून म्हणाली, "ती म्हणतेय, अजून निघाली कशी नाही?"

दुपारी सर्वात उजेडाच्या वेळी निघालो. एरवी पाच मिनिटांचं अंतर. रस्ते साफ करणारी यंत्रं या शहरात जवळपास नाहीतच, त्यामुळे बर्फाखाली काचेसारखा थर होता. मी लेकीला छातीशी बांधून जाकिटाची चेन वर ओढली, नवऱ्याने दोन्ही बाजूंना पाय टाकायची जागा आधी फावड्याने खरवडली, आणि तशीच एकेक पाऊल टाकत आम्ही गेलो. वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी आमच्यासाठी तापवून ठेवली होती. सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अम्मांनी दारातूनच रस्समचा पेला आत सरकवला आणि मग विचारलं, तेल लावलंस का बाळाला? मी थिजलेली बाटली दाखवली. त्यांनी ती गरम पाण्यात ठेवली आणि दारात खुर्ची टाकून बसल्या. मी लेकीच्या तळपायांना तेल चोळत होते आणि त्या हाताने खुणा करून सांगत होत्या: टाचेकडून बोटांकडे, असं. भाषेची अडचण आली नाही. नंतर कोणीही आजारी पडलं नाही, हे इथे सांगायलाच हवं.

आमच्या घरी वीज आली तेव्हा पाणी गेलं. शहरभर फुटलेले पाइप आणि गोठू नयेत म्हणून थेंब-थेंब सोडलेले नळ, यांनी दाब उतरला, त्यात जलशुद्धीकरण केंद्राची वीज गेली, आणि 17 तारखेला पाणी उकळून प्या असा आदेश निघाला. तो 23 ला उठला. ज्यांची बाळं पावडरच्या दुधावर होती त्यांचे फार हाल झाले. आम्ही तेव्हा उकळलेलं पाणी बरण्यांत भरून गल्लीतल्या अशा दोन घरी देत होतो.

राज्याने नंतर मोजलेले अधिकृत मृत्यू 246 आहेत. बहुतेक जण थंडीनेच गेले, त्यातले कितीतरी स्वतःच्या घरात. पुढे कायदा झाला, वीजकेंद्रांनी थंडीसाठी तयारी करणं बंधनकारक झालं. तरी 2023 मध्ये बर्फाने झाडांच्या फांद्या तारांवर मोडून पडल्या आणि ऑस्टिनमधल्या कितीतरी घरांची वीज पुन्हा गेली. म्हणून मी आता प्रत्येक थंडीच्या आधी बॅटरीवरचे कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म तपासते, पाण्याचे कॅन भरते, आणि गल्लीत कोणाकडे तान्हं बाळ आहे याची माहिती ठेवते. नुकतंच समोर एक जोडपं राहायला आलंय, तिला सातवा महिना लागलाय. तिला रस्त्याकडेच्या पेटीतला पाण्याचा मेन व्हॉल्व्ह दाखवला, तो फिरवायची लोखंडी किल्ली कुठे मिळते ते सांगितलं, आणि आमची किल्ली गॅरेजच्या कुठल्या खिळ्याला असते तेही.